असंच एक द्या

आमच्या दुकानात गिऱ्हाईक वस्तूचं नाव सहसा घेत नाही. खिशातून, पदराच्या गाठीतून, नाहीतर सायकलला अडकवलेल्या पिशवीतून काहीतरी मोडकं काढतं, समोरच्या फळकुटावर ठेवतं आणि म्हणतं, “असंच एक द्या.” कधी नळाची झिजलेली चावी असते, कधी बिजागरीचं अर्धं पान, कधी आटे खाल्लेला बोल्ट. कधी तुकडाही नसतो, मग दोन्ही हात कामाला लागतात. “आबा, ते न्हाई का, असं फिरतंय आन् मग हिकडनं अडाकतंय...” बोटं हवेत फिरतात. आबा, म्हणजे माझे आजोबा, त्या बोटांकडे बघत बघतच मागे हात लांबवून डबा काढत. पाठ वळवत नसत.

किराण्याच्या दुकानात असं होत नाही. साखर मागायला साखरेचं नाव पुरतं. पण जी वस्तू मोडेपर्यंत तिच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं, तिचं नाव लोकांना कुठून ठाऊक असणार?

दुकान कराडच्या शनिवार पेठेत. शनिवारी लोखंड घरात आणू नये, शनी मागे लागतो, हा समज आमच्या भागात पक्का. आणि पणजोबांनी लोखंडाच्या दुकानाला जागा धरली ती शनिवार पेठेत. भाडं कमी होतं म्हणून, असं घरात सांगतात. मला तो त्यांचा विनोद वाटतो, पण ते विनोदी होते असं सांगणारं कुणी भेटलं नाही. शनिवारी गल्ल्यात काही पडायचं नाही. अडलेली माणसं मात्र वाटा काढत. कुणी शुक्रवारी दिवेलागणीला खिळे नेऊन ठेवी. कुणी शनिवारी पैसे देऊन जाई आणि माल रविवारी उचली, कुणी नेमकं उलटं करी. शनीचा डोळा पैशावर असतो की मालावर, यावर पेठेत दोन तट होते. आबा दोन्ही तटांना माल विकत.

हा रिकामा दिवस वर्गवारीचा. आठवडाभरात डब्यांची सरमिसळ झालेली असे. ती एका घमेल्यात ओतायची आणि घरातली पोरं भोवती बसवायची. चुका, मोळे, स्क्रू, रिपिटा, वायसर. सुरुवातीला डोळ्यांनी, मग नुसत्या बोटांनी. दीड इंची आणि पावणेदोन इंची खिळ्यातला फरक चिमटीला कळला पाहिजे, असा आबांचा आग्रह. हात काळे व्हायचे आणि जेवताना भाकरीला गंजाचा वास यायचा. आज्जी शेजारी बसून जुन्या ‘ऐक्य’च्या आणि ‘पुढारी’च्या कागदाच्या पुड्या वळून ठेवी. तिच्या पुडीचा कोपरा असा दुमडलेला असे, की आत पावशेर खिळे असले तरी एकही टोक बाहेर येत नसे. मला ती घडी कधीच जमली नाही. भावालाही नाही, तो प्लास्टिकच्या पिशव्या वापरायला लागला तेव्हा सुटल्यासारखा दिसला.

पणजोबा पाटण खोऱ्यातल्या एका वाडीवरून कराडात आले ते एका व्यापाऱ्याकडे हमालीला. अक्षरओळख बेताची. स्वतःचं दुकान थाटलं तेव्हा कुठल्या डब्यात काय आहे हे लिहून ठेवण्याऐवजी त्यांनी पाडलेल्या वाड्याच्या दाराची एक सागवानी फळी विकत घेतली, गल्ल्यामागे उभी केली आणि दुकानातल्या प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना तिच्यावर तारेनं बांधला. गिऱ्हाईक बोट दाखवी, ते देत. पुढे आबा शिकले, अण्णा म्हणजे वडील तर मॅट्रिक झाले, पण फळी राहिली. नवा माल आला की आधी एक नग फळीवर, मग बाकीचा डब्यात. नियम एकच: फळीवरचं विकायचं नाही. खंडेनवमीला तराजू, पाना, पक्कड यांना हळदकुंकू वाहून झालं की झेंडूची एक माळ फळीलाही पडते, आणि ती सुकून तांबडी होईपर्यंत कुणी काढत नाही.

ही फळी खालून वर वाचायची. अगदी तळाशी डावीकडे कंदिलाची वात वरखाली करायची चावी आहे, चकतीसकट. कराडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे, आणि ओगलेवाडी हे नावच मुळी ओगले बंधूंच्या काचकारखान्याचं. १९१६ साली निघालेल्या त्या कारखान्याचा प्रभाकर कंदील घरोघरी टांगलेला असे. पणजोबांचा धंदा कंदिलापेक्षा त्याच्या काचेवर चाले. कंदील एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरे, काच मात्र पोरं फोडत. बैलगाडीतून गवताच्या पेंढ्यात घालून काचा गावात येत आणि वाटेत किती फुटल्या यावर गाडीवानाशी रोजचं भांडण. गावोगाव वीज आली, कंदील माळ्यावर गेले, पुढे कारखानाही बंद पडला. चावी तेवढी फळीवर आहे.

तिच्या शेजारी गाडीच्या आखाची खीळ, आणि त्या दोन्हींच्या खाली जमिनीला टेकून एक फाळ. तो इतका जड, की तारेनं बांधता येईना म्हणून खिळ्यावर टेकवलेला. फाळ किर्लोस्करांच्या नांगराचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर, औंध संस्थानच्या हद्दीत, किर्लोस्करवाडी वसवली. कराडहून मिरजेच्या गाडीत बसलं की चार-पाच स्टेशनं. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं असं त्या काळी शेतकरी म्हणत, ही गोष्ट पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेली असते. आमच्या घरात तिचं शेपूट सांगतात: म्हणणारे विष भिनतं म्हणतच राहिले आणि झिजलेला फाळ घेऊन “असाच एक द्या” म्हणत येतही राहिले.

फळीचा मधला पट्टा आबांचा, आणि त्यात एक जागा मुद्दाम रिकामी आहे. तिची गोष्ट आज्जी सांगे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आमचं घर दुकानाच्या मागेच. भांडी पडल्यासारखा आवाज झाला म्हणून ती उठली, आणि मग तिला उमगलं, की आवाज स्वयंपाकघरातून येत नाहीये. रॅकवरचे साठ-सत्तर डबे एका झटक्यात खाली आले होते. कोयनेच्या त्या भूकंपानं कोयनानगर भागात पावणेदोनशेहून अधिक माणसं नेली, मुंबईपर्यंत वीज गेली. कराडात भिंतींना चिरा गेल्या, आणि दुकानात घोटाभर उंचीचा खिळ्यांचा थर साचला. तीन पिढ्यांची वर्गवारी, शंभर प्रकारचा माल, एका ढिगात.

दिवस उजाडला तसं गिऱ्हाईक आलं. घरात झोपायची कुणाची छाती होईना. धक्के चालूच होते. अंगणात, मैदानात, शेतात खोपटी उभी राहायला लागली. पत्रे, तार, दोर, खिळे. वर्गवारी करायला सवड कुणाला? आबांनी फावडं घेतलं, ढिगातून भरून तागडीत ओतलं आणि मिसळ म्हणून तोलून दिलं. ज्याला खिळा हवा त्यानं पुडीतून खिळा शोधावा, उरलेले स्क्रू ठेवावेत. मी एकदा विचारलं होतं, “आबा, तेव्हा पत्र्याचा भाव वाढवला होतात का?” ते बराच वेळ पान लावत बसले. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी नाही.”

ढीग संपला नाही. महिनाभर रात्री बसून घरानं तो निवडला आणि शेवटी उरलेला, कशातच न बसणारा असा एक डबा तसाच ठेवला. त्या डब्याचं नाव ‘भूकंप’. काही केल्या जुळेना, की आबा म्हणत, “भूकंपात बघ.” आणि निघेही. कुठल्या तरी जुन्या कपाटाच्या कडीचा चाप, कुठल्या शिलाई मशीनचा एकच स्क्रू. डबा गेली सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं रिकामा होत नाही, कारण घरातलं जे जे बिनधनी सापडतं ते तिथेच टाकलं जातं. फळीवरची रिकामी जागा या डब्यासाठी. त्याचा नमुना कसा बांधणार?

मापांची गोष्ट सांगितल्याशिवाय आबा पुरे होत नाहीत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, मग शेर जाऊन किलो आला. वजनं बदलली, पण लोखंडाची जाडी मोजायचं ‘सूत’ काही गेलं नाही. एका इंचाचे आठ सूत. आजही इंजिनिअर कागदावर दहा एमएम लिहितो आणि गवंडी येऊन तीन सुती सळई मागतो. हिशेबानं तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या जरासं वर. हा अर्धा मिलिमीटर जातो कुठे, असं मी शाळेत असताना विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “सिमेंटात.”

बोल्टाच्या बाबतीत मात्र असं सोडून देता येत नाही. १९६० साली विद्यानगरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तेव्हापासून दर वर्षी प्रोजेक्टच्या दिवसांत तिथली पोरं आमच्याकडे येतात. एकदा एका पोरानं आठ एमएमचा बोल्ट नेला आणि त्याला घरातला जुना नट लावायला बघितला. नट अडीच सुती होता. दोघांची जाडी जवळजवळ एकच. दोन आटे सुरेख चढले, तिसऱ्याला नट करकचून बसला. पुढे जाईना, मागे येईना. पोरगं पाना घेऊन घाम गाळत होतं. आबांनी बोल्ट हातात घेतला, उजेडात धरला, आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “दिसायला जुळी भावंडं, पण आट्यांचं गोत्र वेगळं. हे जमायचं नाही.” मग करवतीनं नट कापून दिला आणि करवतीचं पातं झिजल्याचे चार आणे लावले. तसाच अडकलेला एक नटबोल्ट फळीवर आहे. विकायला नाहीच, दाखवायला.

अण्णांच्या हाती दुकान आलं ते टंचाईच्या काळात. सिमेंट परमिटवर, सळई कोट्यावर. सिमेंटवरचं नियंत्रण पुरतं उठलं १९८९मध्ये, पोलादावरचं १९९२मध्ये. त्या वर्षांबद्दल अण्णा फार बोलत नाहीत. एकच वाक्य म्हणतात: “माल नव्हता तेव्हा गिऱ्हाईक आधी नमस्कार करायचं.”

अण्णांचा खरा काळ पाण्याचा. कृष्णेच्या काठानं ऊस वाढत होता, रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याला जात होता, आणि नदीतून पाणी उचलायला जागोजाग मोटारी बसत होत्या. सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या. दुकानातून काचा, नाला, खिळी हळूहळू मागे सरकल्या आणि पुढे आले ते पाइप, एल्बो, टी, सॉकेट, फूटव्हॉल्व्ह. या फूटव्हॉल्व्हनं आमची झोप घालवली. नदीत बुडालेल्या पाइपाच्या टोकाला तो असतो आणि त्याच्या आत चामड्याची एक झडप. पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. चामडं कुजलं की मोटार नुसती घरघरते, पाणी उचलत नाही. शेतीची वीज बहुतेक रात्रीची, त्यामुळे हे कळायचंही रात्रीच. दहा-अकराला मागच्या दारावर थाप पडे. बाहेर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला माणूस, हातात काळं, निथळतं, वास मारणारं चामडं. “अण्णा, लाइट दोनला जातीया. असंच द्या एक.” अण्णा लुंगीवर दुकान उघडत. पैसे वहीत. उसाचं बिल आलं की चुकते होत, आणि बिल लांबलं की आमच्या दिवाळीचे कपडे लांबत. कारखान्यानं पहिला हप्ता किती जाहीर केला ही बातमी आमच्या घरात शेतकऱ्याच्या घरापेक्षा कमी उत्सुकतेनं ऐकली जात नसे.

पाइपांना आटे पाडायचं काम दुकानासमोरच्या ओट्यावर चाले. पाइप शिकंज्यात धरायचा, डाय चढवायची, दोघांनी दांडा फिरवायचा, वरून तेल सोडत राहायचं. लोखंडाचा कीस कुरळा होऊन खाली पडे. तो अनवाणी पायात गेला की आठवडाभर निघत नसे. मग आट्यांवर सफेद्याचा हात आणि त्यावर सुतळीचे पेड, आट्यांच्या फिरतीच्या दिशेनंच गुंडाळायचे. उलटे गुंडाळले की सॉकेट चढवताना सुटतात आणि सांधा गळतो. हे मला येत होतं. दहावीच्या सुट्टीत मी दुकानात बसायची. एक वयस्कर गिऱ्हाईक आलं, इकडे तिकडे बघितलं.

“अण्णा न्हाईत?”

“बाहेर गेलेत. काय पाहिजे?”

“तुला न्हाई कळायचं पोरी. येतो मागनं.”

मूठ घट्ट मिटलेली होती, पण बोटांच्या फटीतून दिसत होतं. पाऊण इंची युनियनची चकती. मी डब्यातून काढून फळकुटावर ठेवली. त्यांनी ती उचलली, मूठ उघडली, दोन्ही शेजारी धरल्या, जुळल्या. चकती परत ठेवली आणि म्हणाले, “बरं. अण्णा आले की येतो.” संध्याकाळी अण्णांकडून तीच चकती नेली. मी अण्णांना सगळं सांगितलं. ते हसले आणि “असतात अशी माणसं” म्हणाले. दुकान पुढे धाकट्या भावाकडे जाणार हे कुणी कधी ठरवलं नाही, कारण ठरवायची वेळच आली नाही. मला दुकान हवं होतं का? तेव्हा विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. विचारायला मात्र हवं होतं.

भावाच्या काळात सुतळी आणि सफेदा गेला, टेप आली. मग लोखंडी पाइप गेला, प्लास्टिकचा आला. सोल्यूशन लावायचं, दाबून धरायचं, झालं. शिकंजा ओट्यावर गंजत पडला होता तो भंगारात दिला, किलोच्या भावानं. शेजारच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आलं आणि घरोघरी मीटर बसले, तेव्हा भावाचा एक अंदाज चुकला आणि एक लागला. टाकीचे बॉलकॉक कमी खपले. वायसर मात्र दणकून गेले. मीटर फिरायला लागल्यावर लोकांना गळका नळ ऐकू यायला लागला, असं तो म्हणतो. २०१७च्या जुलैत जीएसटी आला आणि फळीला नव्यानं भाषा शिकावी लागली: खुरप्यावर, विळ्यावर, फावड्यावर शून्य, खिळ्यावर, स्क्रूवर अठरा टक्के. खुरप्याच्या मुठीत मारलेल्या खिळ्याचं काय करायचं, यावर त्याचं आणि त्याच्या सीएचं एकदा अर्धा तास बोलणं झालं. निष्पन्न काय झालं ते दोघंही सांगत नाहीत.

आता तुकडा कमी येतो, मोबाइलवर फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, “असंच एक पाठवा.” फोटोत सगळं दिसतं, फक्त माप दिसत नाही. अर्धा इंची चावी आणि एक इंची चावी पडद्यावर सारख्याच. भाऊ उलट लिहितो, “शेजारी रुपया ठेवून काढा.” काही लोकांना वाटतं हा आगाऊ रक्कम मागतोय.

गेल्या महिन्यात मीच तुकडा घेऊन गेले. पुण्याच्या आमच्या फ्लॅटमधला न्हाणीघराचा नळ गळायला लागला. एका हातानं वरखाली, डावीउजवीकडे फिरणारा तो नळ. प्लंबर आला, आतलं काढून हातावर ठेवलं: प्लास्टिकची एक जाडसर गोळी, खाली तीन भोकं, आत चिनी मातीच्या दोन चकत्या, त्यातली एक टवका उडालेली. “हे सुटं मिळत नाही, मॅडम. पूर्ण नळ बदला.” किंमत ऐकून मी गोळी रुमालात बांधली आणि एसटीनं कराडला आले. येताना मला स्वतःचंच हसू येत होतं. पदराला गाठ नव्हती एवढंच.

भावानं ती उजेडात धरली. भोकांमधलं अंतर कॅलिपरनं मोजलं. त्याच्याकडे अशा गोळ्या चार प्रकारच्या होत्या. एकेक शेजारी ठेवून बघितली. एक जुळतेय असं वाटलं, खालची भोकं तंतोतंत, पण गळ्याशी दोन मिलिमीटर जाड. अण्णांना आता ऐकायला कमी येतं, म्हणून ते मागच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं लावून बसतात, तेही उठून आले. चष्मा कपाळावर, गोळी नाकाशी. “भूकंपात बघ,” म्हणाले.

भावानं डबा काढून वर्तमानपत्रावर उपडा केला. आम्ही तिघं भोवती बसलो. चुका, मोळे, रिपिटा, कुठली तरी घड्याळाची स्प्रिंग, एक पितळी घुंगरू, दोन नये पैसे. माझ्या बोटांना अजून खिळ्याची लांबी कळते, हे बघून मला बरं वाटलं. गोळी अर्थातच नव्हती. १९६७ साली ती असणार कुठून! तरी आम्ही डबा तळापर्यंत बघितला.

“नाही गं,” भाऊ म्हणाला. “पूर्ण नळच बदल.”

मग त्यानं पक्कड घेतली, बारीक तारेचा वीतभर तुकडा तोडला आणि ती टवका उडालेली गोळी फळीवर, अगदी वरच्या ओळीत, सीपीव्हीसीच्या एल्बोशेजारी बांधायला घेतली. मी म्हटलं, अरे, ती फुटकी आहे, आणि तुझ्याकडे तिचा मालही नाही.

“उद्या कुणी अशीच घेऊन आलं तर?” तो म्हणाला. “निदान अशी असते हे माहीत असावं.” आणि तारेला पीळ दिला.

मी रिकामा रुमाल घेऊन पुण्याला परत आले. नळ अजून बदललेला नाही. खाली बादली आहे. सकाळपर्यंत अर्धी भरते.